मदत हवी आहे: एपीएस पॉझिटिव्ह आलंय, पोटातली इंजेक्शनं लगेच सुरू करू का?

ओली_सुकी
दोनदा गर्भपात झालाय. रिपोर्टमध्ये एपीएस (अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे स्वतःच्याच अँटिबॉडींमुळे रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भपात होण्याचा आजार) पॉझिटिव्ह. डॉक्टर परगावी, पुढची वेळ १८ तारखेची मिळालीय. तोवर थांबणं शक्य नाही. नणंदेला याच कारणासाठी हेपॅरिनची (रक्त गोठू न देणारी) इंजेक्शनं दिली होती, तिची मुलगी आता दुसरीत आहे. तिची जुनी चिठ्ठी दाखवून आणली तर चालतील का? ज्यांनी घेतलीत त्यांनीच सांगा. गूगल करून झालंय, लिंका नकोत.

प्राजक्ताचा_सडा
वाईट वाटलं गं. पण कितव्या आठवड्यात गेलं? आणि यात तीन तपासण्या असतात: लुपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-टू ग्लायकोप्रोटीन. यातली पॉझिटिव्ह कोणती? आकडा किती?

बापूकाका
रक्तगट निगेटिव्ह आहे का? आमच्या सूनबाईंचा होता. २८व्या आठवड्यात अँटी-डी (बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात अँटिबॉडी बनू नयेत म्हणूनचं इंजेक्शन) दिलं, बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा दिलं. गर्भपातानंतरही ते घ्यायचं असतं, हे पुष्कळांना कोणी सांगतच नाही.

ओली_सुकी
काका, मी बी पॉझिटिव्ह आहे. प्राजक्ता, पहिलं ७ आठवड्यांना, दुसरं ११ ला. ठोके दिसले होते दुसऱ्याचे. अँटिकार्डिओलिपिन आयजीएम (अँटिबॉडीचा एक प्रकार) २२ आहे, बाकी दोन्ही निगेटिव्ह. आता सांगा.

बापूकाका
मग ठीक. रक्तगटावरून आठवलं, बॉम्बे ब्लड ग्रुप हा दुर्मीळ रक्तगट १९५२ साली आपल्या मुंबईतच डॉ. भेंड्यांनी शोधला. ओ गटाचं रक्तसुद्धा या लोकांना चालत नाही!

सई_पुणे
या सगळ्यात अडकू नकोस. मुळात बाळ निम्मं नवऱ्याचं, म्हणजे आईच्या शरीराला परकंच. शरीर ते बाहेर फेकतं. माझ्या मैत्रिणीला नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींची इंजेक्शनं दिली आणि राहिलं. एनके सेलची (नॅचरल किलर, म्हणजे शरीराच्या संरक्षणातल्या एका पेशीची) तपासणी पण करून घे.

लॅबवाली
सई, कृपया हे इथे नको. त्या पांढऱ्या पेशींच्या उपचाराची मोठी चाचणी १९९९ साली प्रसिद्ध झाली, त्यात फायदा दिसलाच नाही. २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) तो संशोधनाबाहेर थांबवायला लावला. आपल्याकडे अजून हजारो रुपये घेऊन देतात. आणि 'परकं म्हणून फेकतं' इतकं ते सोपं नाही. गर्भाशयातल्या एनके पेशी बाळाला मारत नाहीत, उलट वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात. दंडातलं रक्त काढून त्यांचा अंदाज कसा लागणार?

सई_पुणे
मैत्रिणीला मुलगा झाला, तो काय चाचणीतून झाला का?

लॅबवाली
काही उपचार न घेता पुढच्या खेपेला मूल होणाऱ्या बायकाच जास्त आहेत. श्रेय मात्र शेवटी जे घेतलं त्याला मिळतं.

शतावरी_घृत
गर्भसंस्कार, रोज शतावरी कल्प दुधातून. आणि पपई बंद. बाकी सगळे पैशाचे खेळ.

प्राजक्ताचा_सडा
शतावरीताई, तिने इंजेक्शनांचं विचारलंय हो. ओली, मी घेतली आहेत. रोज एक ४० मिलिग्रॅमचं, बेंबीपासून दोन बोटं सोडून, सोबत ॲस्पिरिन ७५. टोचल्यावर चोळायचं नाही, नाहीतर पोटाचा नकाशा होतो. भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडाही काढायचा नाही. पण माझं दोनदा तपासून पॉझिटिव्ह आलं होतं, मध्ये १२ आठवडे सोडून. तुझं?

ओली_सुकी
एकदाच केलंय. ९ आठवडे झाले. तेव्हा तापाने फणफणले होते पण त्याचा काय संबंध?

लॅबवाली
हेच आधी सांगायचं ना! संसर्गात या अँटिबॉडी काही काळ वाढतात आणि मग आपोआप उतरतात. म्हणूनच १२ आठवड्यांनी पुन्हा बघतात. त्यात २२ हा आकडा कमी आहे, साधारण ४० च्या वर असेल तर गंभीरपणे घेतात. पण १० आठवड्यांनंतर ठोके असलेलं बाळ जाणं हेही दुर्लक्ष करण्यासारखं नाही. खऱ्या एपीएसमध्ये या अँटिबॉडी वारेच्या पेशींवरच बसतात, त्यामुळे वार नीट रुजत नाही. नुसत्या गुठळ्यांचा हा मामला नाही. तेव्हा चिठ्ठी नणंदेची, वजन तुझं, प्लेटलेट तुझ्या, हे करू नकोस. तीन आठवडे थांब, पुन्हा तपास.

ओली_सुकी
थांबता येत नाही म्हणून तर विचारतेय!! परवा घरी टेस्ट केली. दोन रेघा आल्यात. पाळी चुकून ६ दिवस झाले.

प्राजक्ताचा_सडा
अगं बाई! हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंस. अभिनंदन आधी. घरी कळलंय का?

लॅबवाली
मग माझं 'तीन आठवडे थांब' मागे घेते. १८ तारखेची वाट बघू नकोस. दवाखान्यात फोन करून 'दोन गर्भपात, आता प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह' एवढंच सांग, त्यांच्या जागी कोणी तरी बघत असेलच. सोनोग्राफीचे जुने कागद ने. आणि एक लक्षात ठेव: इंजेक्शन द्यायचं ठरलंच तर त्याआधी रक्त दे. हेपॅरिन सुरू असताना लुपस अँटिकोॲग्युलंटचा निकाल गडबडतो, मग पुन्हा सगळा घोळ.

सई_पुणे
देव करो सगळं नीट होवो. पण एनके बद्दल माझं मत तेच आहे.

ओली_सुकी
फोन केला. आधी रिसेप्शनवाली १८ च म्हणत होती, मग दोन गर्भपाताचं सांगितल्यावर होल्डवर ठेवलं आणि उद्या सकाळी १० ला बोलावलंय. दुसऱ्या मॅडम आहेत. रक्ताचं सांगते त्यांना. घरी फक्त नवऱ्याला माहितीय, सासूबाईंना नाही. प्राजक्ता, ती इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवावी लागतात का? फ्रिज सासूबाईंच्या ताब्यात आहे.

प्राजक्ताचा_सडा
नाही गं, मी कपाटात ठेवायचे, साड्यांच्या मागे. केमिस्टला विचारून घे तरी.

बापूकाका
बॉम्बे ब्लड ग्रुपवर वेगळा धागा काढला आहे. इथे कोणी दाद देईना.