साठा शून्य झाला म्हणे! मग माझ्या शेडमध्ये पडलंय ते काय?

प्रेसशॉपवाला
एका सल्लागार महाशयांचं टिपण गेला आठवडाभर आमच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांना भाग पुरवणाऱ्यांच्या, सगळ्या व्हेंडर ग्रुपांवर फिरतंय. सार असं: साठा म्हणजे झोपलेला पैसा, चाकणच्या मोठ्या कंपन्यांनी जस्ट-इन-टाइम (लागेल तेव्हाच, लागेल तेवढाच माल मागवणं) आणून स्टोअर रिकामी केली, आता लहान कारखानदारांनीही ‘गोदामाची मानसिकता’ सोडावी. खाली अंगठ्यांचा आणि टाळ्यांचा पाऊस.

महाराज, ती स्टोअर रिकामी झाली, कारण त्यातला माल भोसरीत माझ्या शेडमध्ये येऊन बसला. कंपनी लाईनला दोन-तीन तासांचा माल ठेवते, मी तयार मालाचे चार दिवस ठेवतो. हौस म्हणून नाही. महिन्याच्या सुरुवातीला ‘फर्म’ शेड्यूल येतं आणि संध्याकाळी फोन येतो, उद्या डिझेल गाडीचा ब्रॅकेट नको, सीएनजीचा दुप्पट पाठवा. नाही पोचला तर लाईन थांबल्याची डेबिट नोट, म्हणजे माझ्या बिलातून कापणी, तीही मिनिटाच्या हिशोबाने.

आता साधं गणित. दहा लाखांचा माल. कंपनीला कर्ज ८ टक्क्यांनी मिळतं असं धरा, मला कॅश क्रेडिट १२ टक्क्यांनी. तिच्याकडे पडून राहिला तर वर्षाला ८० हजार, माझ्याकडे १ लाख २० हजार. म्हणजे साखळीचा खर्च वाढला की कमी झाला? आणि याला ‘ऑप्टिमायझेशन’ म्हणायचं!

आकडेमोड
राग समजतो, पण हिशोब अर्धाच मांडलात. साठा कुठे ठेवावा हे फक्त व्याजदरावर ठरत नाही. तुमच्या शेडमधल्या पत्र्याच्या कॉइलमधून चार गिऱ्हाइकांचे भाग निघतात. एकाची मागणी पडली तर दुसऱ्याची उचलते, त्यामुळे चौघांनी आपापल्या दारात ठेवायचा मिळून जितका साठा लागेल, त्याहून तुमच्याकडे एकत्र ठेवलेला कमी पुरतो. शिवाय कॉइलवर अजून प्रेस, वेल्डिंग, प्लेटिंग काही झालेलं नाही, म्हणजे त्यात अडकलेला पैसाही कमी. साठा वरच्या टप्प्यावर, कच्च्या रूपात ठेवणं हे शास्त्राला धरूनच आहे.

तयार मालाचे चार दिवस, तो प्रश्न तुमच्या सेटअपचा, म्हणजे एका भागावरून दुसऱ्या भागासाठी प्रेस तयार करण्याचा. फोर्ड हॅरिसचं १९१३ चं सूत्र बघा, लॉट, म्हणजे एका दमात काढायचे नग, सेटअप खर्चाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. सेटअप चौथाईवर आणा, लॉट निम्मा होईल. डाय, म्हणजे प्रेसचा साचा, बदलायला दोन-दोन तास घालवायचे आणि खापर गिऱ्हाइकावर फोडायचं, हे काही बरोबर नाही.

प्रेसशॉपवाला
दोन तास तुम्हाला कुणी सांगितले? चाळीस मिनिटं लागतात. अहो, कॉइलबद्दल मी तक्रार केलीच नाही. रडतोय ते सीएनजीच्या ब्रॅकेटबद्दल, जो एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा आहे. ते मॉडेल बंद झालं की तो भंगारात किलोवर जातो. तो कुणाच्या मागणीत एकत्र करू?

नागोयाकर
इथे आयची प्रांतात याच धंद्यात आहे, म्हणून राहवलं नाही. आपल्याकडे टोयोटाचं नाव घेऊन जे चालतं त्यात तिथला निम्मा भाग गाळलेला असतो. कानबान, म्हणजे कार्ड पाठवून लागेल तेवढाच माल मागवायची पद्धत, चालतं ते हेइजुन्कामुळे, म्हणजे महिन्याचं उत्पादन रोज सारखं वाटून घेण्याच्या शिस्तीमुळे. दहा टक्क्यांच्या आसपासचा चढउतार कार्डांवर निभावतो, ‘उद्या दुप्पट’ निभावत नाही.

दुसरं, पुरवठादाराशी नातं. १ फेब्रुवारी १९९७ ला कारियातला आयसिनचा कारखाना जळाला. टोयोटाच्या ब्रेकचे पी-व्हॉल्व्ह जवळपास सगळे तिथून यायचे आणि हातात साठा नावापुरता. दोन-तीन दिवसांत जपानमधले टोयोटाचे बहुतेक प्लांट बंद पडले. मग शिलाई मशीनवाल्या ब्रदरसकट कितीतरी कंपन्यांनी आपापल्या मशीनवर ते व्हॉल्व्ह काढून दिले आणि आठवड्याभरात गाडं रुळावर आलं. डेबिट नोटांच्या धाकावर अशी माणसं धावून येत नाहीत.

आकडेमोड
म्हणजे साठा नसतानाही सावरता आलं. माझाच मुद्दा झाला की!

नागोयाकर
पुढचंही ऐका. २०११ च्या भूकंपात रेनेसासचा नाका इथला चिपचा कारखाना बंद पडल्यावर टोयोटानेच पुरवठादारांना चिपचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला लावला. जस्ट-इन-टाइमच्या माहेरी! २०२१ मध्ये बाकीच्यांच्या लाईनी आधी थांबल्या. टोयोटालाही सप्टेंबरचं उत्पादन ४० टक्के कापावं लागलं, पण उशिरा. कुठला भाग अजिबात साठवायचा नाही आणि कुठला सहा महिने ठेवायचा, हे वेगवेगळं ठरवतात ते लोक. आपल्याकडे सरसकट ‘शून्य’.

खरेदीखातं
बरंच झोडपून झालं, आता आमचंही ऐका. मी मोठ्या कंपनीत खरेदीत आहे. शेड्यूल आम्ही मजा म्हणून बदलत नाही. डीलर सणाला जास्तीचं बुकिंग लावतो, नंतर रद्द करतो. रस्त्यावरच्या मागणीचा छोटा झोका आमच्यापर्यंत मोठा होऊन येतो आणि व्हेंडरपर्यंत आणखी मोठा. हे जगभर होतं, पुण्यातच होतं असं नाही.

आणि व्हेंडर मंडळी काय सगळी हरिश्चंद्राचे अवतार? फोन केला की ‘साहेब, गाडी निघाली’. गाडी शेडमध्ये, माल प्लेटरकडे, आणि मालक लग्नात! डेबिट नोट उगाच आली नाही.

ताळेबंद
साठ्यावर एवढा वाद चाललाय, पण खरं दुखणं पैशांचं आहे. मी आठ-दहा लघु उद्योगांची खाती बघते. माल चार दिवस शेडमध्ये पडला तर चार दिवसांचं व्याज. बिल ९० दिवस पडलं तर? त्यात ९० दिवसांवरची येणी बँक ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे किती कर्ज उचलता येईल त्या हिशोबात, धरत नाही. म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे अडवले की इकडे लिमिटही आक्रसतं. साठा कमी करा म्हणून व्याख्यानं देणारे यावर बोलत नाहीत.

सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा २००६ चा. पैसे द्यायला जास्तीत जास्त ४५ दिवस, लेखी करार नसेल तर १५. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. आजवर माझ्या एकाही पक्षकाराने ते मागितलेलं नाही. कारण मागितलं की पुढचं शेड्यूल दुसऱ्याला.

खरेदीखातं
ताई, म्हणून तर आयकरात ४३बी(एच) आलं ना? १ एप्रिल २०२४ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर त्या वर्षी आम्हाला तो खर्च मिळत नाही. आमचं फायनान्स आता मार्चमध्ये आम्हालाच फोन करून बिलं मागतं. अजून काय करायचं?

ताळेबंद
मार्चमध्ये! तेच म्हणते मी. एप्रिल ते फेब्रुवारी काय होतं? आणि हेही सांगा की त्यानंतर किती लहान व्हेंडरांना ‘उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून असलेली सरकारी नोंद) काढून टाका, नाहीतर ऑर्डर मध्यम उद्योगाला देऊ’ असे तोंडी निरोप गेले. माझ्या दोन पक्षकारांना आले. लेखी अर्थातच नाही.

खरेदीखातं
सगळ्या कंपन्यांना एका माळेत ओवू नका. आमच्याकडे असं झालेलं नाही. आणि ट्रेड्सवर, म्हणजे बिलावर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर, बिल टाकलं की आठवड्याच्या आत पैसे मिळतात, पण आमच्या निम्म्या व्हेंडरांना तिथे नोंदणीच करायची नाही. का, तर उलाढाल दिसेल! नाव आमचं खराब आणि भीती जीएसटीची.

प्रेसशॉपवाला
तोंड सांभाळून. माझी दर महिन्याची विवरणपत्रं वेळेवर जातात. ट्रेड्सवर बिल मी टाकून भागत नाही, तुमच्याकडून कुणीतरी ते मंजूर करावं लागतं. आमची बिलं तिथेच लोंबकळतात.

टेम्पोमालक
तुमचं चालू द्या, पण माल पोचवतो कोण ते विसरू नका. भोसरीतून चाकण अंतर किती, आणि वेळ किती? कधी पाऊण तास, कधी तीन. त्यात जड वाहनांना बंदीच्या वेळा वेगळ्या. पोचलं की गेटवर रांग, पावती, वजनकाटा, आणि ‘स्लॉट गेला, दुपारी या’. गुरुवारी भोसरी बंद, म्हणून बुधवारी सगळे दोन दिवसांचा माल एकदम भरतात आणि नाशिक रस्ता गच्च. जपानच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी एकदा तळेगाव चौकातून गाडी काढून दाखवावी.

आकडेमोड
हा मात्र खरा ऑपरेशन्स रिसर्चचा मुद्दा, आणि इतक्या प्रतिसादांत तो टेम्पोवाल्या भाऊंनी मांडला. रोजची मागणी १००० नग, तिचा चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, १०० नगांचं, माल पोचायला एक दिवस. दिवस पक्का असेल तर ९५ टक्के वेळा तुटवडा टाळायला १६५ नग जादा ठेवले की झालं. पण पोचण्याच्या वेळेतच अर्ध्या दिवसाचं विचलन असेल, तर ८४० च्या आसपास लागतात. पाच पट! मागणी तीच आहे, फरक फक्त रस्त्याचा आणि गेटचा. सूत्रात वेळेची अनिश्चितता मागणीच्या वर्गाने गुणली जाते, म्हणून ती एवढी महाग पडते.

प्रेसशॉपवाला
म्हणजे चार दिवसांतला बराचसा साठा माझ्या डायचा नव्हता तर.

आकडेमोड
८४० म्हणजे एक दिवसही नाही, चार नव्हे. पण ठीक आहे, शेड्यूलचा झोका त्यात धरला तर तुमचे दोन-अडीच दिवस मान्य करतो. उरलेला दीड तुमचाच. चाळीस मिनिटंही फार आहेत.

प्रेसशॉपवाला
उपकार झाले.

खरेदीखातं
गेटचं मी आमच्या लॉजिस्टिक्सला कळवतो. यावरून उगाच ‘कंपनीने कबूल केलं’ असं कुठे पसरवू नका. आणि ताई, ४५ दिवस आमच्याकडे माल तपासून जीआरएन, म्हणजे माल स्वीकारल्याची नोंद, झाल्यापासून मोजतात, चलनाच्या तारखेपासून नाही. तुमचे पक्षकार उशीर उशीर म्हणून ओरडतात ते त्यामुळे.

ताळेबंद
चूक. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली नाही, तर कायद्याने माल मिळाला तोच दिवस स्वीकृतीचा. जीआरएन महिनाभर लांबवला म्हणून घड्याळ थांबत नाही. गेटवरचा शिक्का असलेलं चलन जपून ठेवा म्हणून मी सगळ्यांना सांगते.

टेम्पोमालक
शिक्का? गेटवर सिक्युरिटीवाला नुसती सही करतो, तीही वाचता येत नाही.

ताळेबंद
मग उद्यापासून तारीख आणि वेळ लिहून घ्या, ड्रायव्हरला बजावून सांगा. आणि बिलासोबत जोडायच्या पत्राचा मसुदा रविवारी इथेच टाकते, कंपनीचं नाव न घालता.

प्रेसशॉपवाला
टाका ताई. मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही द्या, आमच्या गिऱ्हाइकाच्या फायनान्सला मराठी चालत नाही.