मदत हवी आहे: एचएफ (लांब पल्ल्याच्या) रेडिओची अर्थिंग पट्टी आणि भराभर झिजणारं झिंक

फायबरची 38 फुटी शिडाची बोट, 12 व्होल्ट. अँटेना ट्यूनरपासून (रेडिओ आणि अँटेना जुळवणारा डबा) कांस्याच्या सीकॉकपर्यंत (बोटीच्या तळाचा समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह) 3 इंची तांब्याची पट्टी टाकल्यापासून पंख्याच्या शाफ्टवरचं झिंक (बाकीचे धातू वाचवायला स्वतः झिजणारा तुकडा) चार महिन्यांत चाळण झालं. कारण उघड आहे: ट्यूनरचं निगेटिव्ह इंजिनाला, इंजिन शाफ्टला, पट्टीने कांसं आणि झिंक यांची चक्क बॅटरीच केली. पट्टी मध्ये कापून 3 मिमी फट ठेवायची आणि वरून 0.1 मायक्रोफॅरडचे चार सिरॅमिक कपॅसिटर डाखायचे, असा बेत आहे. 2 मेगाहर्ट्झला चौघांचा मिळून अडथळा जेमतेम 0.2 ओहम, झिंक खाणारा डीसी प्रवाह मात्र बंद.

पण तोच सीकॉक हिरव्या बाँडिंग वायरनेही (बोटीतले धातूचे भाग एकमेकांना जोडणारी वायर) इंजिनाला जोडलेला आहे. मग फटीचा उपयोग काय? वायर सोडवावी, की वीज पडण्याच्या भीतीने राहू द्यावी? आणि रेडिओच्या 150 वॅटला कपॅसिटर किती व्होल्टचे घ्यावेत?