टक्क्यावर घेतलेली केस आणि अडकलेली फाइल

प्रश्न (परभणी जिल्हा): आमची तीन एकर जमीन पाझर तलावात गेली. वाढीव मोबदल्याचे प्रकरण वडिलांनी तालुक्यातील एका वकीलसाहेबांकडे दिले, तेव्हा ‘मिळेल त्याचे पंधरा टक्के’ असे तोंडी ठरले होते. आता वकील बदलायचा आहे, पण ‘आधी माझे पैसे, मग फाइल आणि ना-हरकत’ असे उत्तर मिळते. जुना सातबारा, निवाड्याची नक्कल, सगळे त्यांच्याच कपाटात आहे. टक्क्याला होकार आम्हीच दिला होता. मग आता तक्रार करणे नैतिकदृष्ट्या योग्य ठरेल का?

उत्तर (वकील, छत्रपती संभाजीनगर): योग्य ठरेल. फी निकालावर अवलंबून ठेवण्यास किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्यास बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांतील नियम २० मनाई करतो, आणि ती मनाई वकिलाला आहे, तुमच्या वडिलांना नाही. यामागचे कारण साधे आहे : रकमेत वाटा असलेल्या वकिलाला तडजोड तुमच्या हिताची आहे की त्याच्या, हे तटस्थपणे सांगणे अवघड जाते. फाइलबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्टच सांगितले आहे की, फी थकली म्हणून पक्षकाराची कागदपत्रे अडवण्याचा हक्क वकिलाला नाही. रास्त फी बाकी असेल तर त्याने ती कायदेशीर मार्गाने वसूल करावी. आधी लेखी मागणी करा आणि पोच घ्या. त्यानंतरही दाद लागली नाही, तर अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. ग्राहक आयोगात मात्र जाऊ नका. वकिलाच्या सेवेबद्दल तिथे तक्रार चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ठरवल्याने तो मार्ग बंद झाला आहे. (आमच्या बाररूममध्ये या टक्केवारीच्या पद्धतीबद्दल सर्वांना माहिती असते आणि कोणी बोलत नाही, हे लिहिताना मलाही संकोच वाटतो.)

उत्तर (न्यायालयातील निवृत्त शिरस्तेदार, म्हणजे कार्यालयीन अधिकारी, बीड): न्यायालयात दाखल झालेल्या कागदांच्या प्रमाणित नकला नक्कल विभागात अर्ज करून मिळतात, तेव्हा फाइलसाठी अडून बसू नका. आमच्याकडे एक न्यायाधीश होते. मोबदल्याची रक्कम देण्यापूर्वी ते शेतकऱ्याला स्वतः पुढे बोलावून ‘काका, किती रक्कम आहे, ठाऊक आहे ना?’ एवढेच विचारीत, आणि तेवढ्याने मागच्या बाकावर बसलेल्यांची कुजबुज थांबे. गावातील लग्नकार्याला ते जात नसत, वकिलांच्या घरी चहाही घेत नसत, म्हणून लोक त्यांना तुसडे म्हणत. पण विरुद्ध निकाल लागलेला माणूससुद्धा त्यांच्यावर पैसे खाल्ल्याचा आळ घेत नसे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्वीकारलेल्या न्यायिक मूल्यांच्या मसुद्यातही आपल्याच न्यायालयातील वकिलांशी निकटची सलगी टाळावी, असे म्हटले आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. नकलांचा अर्ज सोमवारी देतो. आजवरच्या तारखांची रास्त फी किती होते, ते लेखी मागवून ती देण्याची वडिलांची तयारी आहे. पंधरा टक्के मात्र देणार नाही.