मदत हवी आहे: गोव्यातल्या शाळांना टच पॅनल आणि डिजिटल साहित्य विकताना काय समजून घ्यावं?

कुळागर

नमस्कार मंडळी. फोंड्यात आमची तिघांची छोटी कंपनी आहे. 65 इंची टच पॅनल बसवून देतो आणि त्यासोबत पहिली ते चौथीचं गणित व भाषेचं साहित्य देतो. साहित्य सध्या मराठी आणि इंग्रजीत तयार आहे. फोंडा, डिचोली आणि सत्तरी या तीन तालुक्यांतल्या शाळांपासून सुरुवात करायची आहे. पुढच्या गोष्टींवर जाणकारांचं मार्गदर्शन हवं:

1. सरकारी प्राथमिक शाळा आणि अनुदानित शाळा, दोन्हीकडे आधी कुणाला भेटायचं आणि कधी?
2. साहित्यासाठी दरवर्षी वर्गणी आकारायची असं ठरवलंय. शाळांना ते झेपेल का?
3. मराठी साहित्याचं कोकणी करायला किती काम पडेल? लिपी देवनागरीच आहे, म्हणजे मजकूर तेवढा बदलला की झालं ना?
4. कोटेशनमध्ये भिंतीवरचा स्टँड आणि चार अँकर बोल्ट धरलेत. पुरे ना?

खडूफळा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बहुतेकांची गाडी तिथेच रुतते.

सरकारी प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकाला तुमची वस्तू कितीही आवडली तरी ती विकत घ्यायचा अधिकार त्याच्याकडे नसतो. मोठी खरेदी पर्वरीच्या शिक्षण संचालनालयातून किंवा समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेमार्फत होते, निविदा काढून किंवा जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून. शाळेत नुसतं प्रात्यक्षिक दाखवायचं असलं तरी आधी लेखी परवानगी घ्या. त्यासाठी भागशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा. विभागीय कार्यालयं तीन आहेत: म्हापसा, पणजी आणि मडगाव. तुमचे तालुके कुठल्या कार्यालयाखाली येतात ते पाहून मगच अर्ज टाका. अर्जावर शाळेचा 11 आकडी यूडायस क्रमांक (देशातल्या प्रत्येक शाळेला दिलेला ओळख क्रमांक) घाला, गोव्यातल्या शाळांचा तो 30 ने सुरू होतो. एकाच नावाच्या दोन शाळा असल्या की कारकुनाचा गोंधळ होतो, क्रमांकाने तो टळतो.

अनुदानित शाळेत पगार सरकार देतं, पण पॅनलसारखी वस्तू घ्यायची की नाही ते व्यवस्थापन ठरवतं. पैसा पालक-शिक्षक संघ, माजी विद्यार्थी किंवा एखाद्या कंपनीचा सामाजिक निधी यांतून येतो. म्हणून तिथे मुख्याध्यापक, व्यवस्थापनाचे सचिव आणि संघाचे अध्यक्ष अशा तिघांसमोर एकाच बैठकीत बोला. वेगवेगळे भेटलात तर प्रत्येक जण तुम्हाला दुसऱ्याकडे पाठवतो.

आता वेळापत्रक. 2025 पासून सहावी आणि त्यापुढचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले, मग मे महिन्याची सुट्टी आणि जूनमध्ये पुन्हा शाळा. त्यामुळे 'जूनमध्ये नवं वर्ष, तेव्हा जाऊ' हे गणित आता बसत नाही. जूनमध्ये तर शिक्षक प्रवेश, पुस्तकवाटप आणि ऑनलाइन माहिती भरण्यात बुडालेले असतात. जुलैपासून चतुर्थीच्या सुट्टीपर्यंतचे दिवस चांगले. दिवाळीच्या सुट्टीनंतर नोव्हेंबरभर पुन्हा संधी मिळते. डिसेंबरात स्नेहसंमेलनांची धामधूम, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा, तेव्हा पायरी चढू नका. खासगी व्यवस्थापनाला पुढच्या आर्थिक वर्षात खर्च बसवायचा असेल तर तुमचं कोटेशन जानेवारीत त्यांच्या फायलीत हवं.

चिरेबंदी

चौथ्या प्रश्नावर: नाही, पुरणार नाही. कृपया हा मुद्दा हलक्यात घेऊ नका. पॅनलखाली मुलं बसतात.

गोव्यातल्या जुन्या शाळांच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या आहेत. 65 इंची पॅनल साधारण 40 किलो भरतो, वर स्टँडचं वजन. नेहमीचा फुगणारा अँकर काँक्रीटमध्ये धरतो, कारण तो आतून दाब देतो. चिऱ्यात तोच दाब कडा फोडतो. चिरा मऊ आणि सच्छिद्र, त्यात हॅमर ड्रिल लावला की भोकाच्या भोवती भुगा होतो. पहिल्या दिवशी बोल्ट घट्ट वाटतो. नंतर मुलं पॅनलवर रोज बोटं दाबतात, थापा मारतात, पावसात भिंत ओल पिते आणि वरचे दोन बोल्ट ढिले पडतात. पॅनल पुढे झुकलेला दिसला की समजायचं हेच झालंय. गिलाव्यावरून भिंत चिऱ्याची की काँक्रीटची हे ओळखता येत नाही, म्हणून कोटेशन देण्याआधी कोपऱ्यात 6 मिलिमीटरचं एक भोक पाडून भुकटीचा रंग पाहा. तांबडी आली तर चिरा.

चिऱ्याच्या भिंतीला आरपार रॉड घाला. 12 मिलिमीटरचे आटेवाले गॅल्व्हनाइज्ड रॉड, पलीकडच्या बाजूला प्रत्येक रॉडला 100 बाय 100, 6 मिलिमीटर जाडीची पट्टी. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवत भोक पाडा. शक्यतो दोन वर्गांमधली भिंत निवडा. बाहेरचीच भिंत मिळाली तर भोक बाहेरच्या दिशेने किंचित उतरतं ठेवा आणि पट्टीच्या कडा सीलंटने बंद करा, नाहीतर पाऊस रॉडवरून आत येतो. पश्चिमेची भिंत टाळाच: पावसाळ्यात झोडपून निघते आणि दुपारी समोरच्या खिडकीचं ऊन नसलं तरी तापते.

चाकांचा स्टँड सोपा वाटतो. पण जुन्या वर्गांना उंबरठे असतात आणि व्हरांड्याची फरशी उंचसखल. वर्गातून वर्गात ढकलायचाच असेल तर चार चाकं किमान 4 इंची, ब्रेकवाली घ्या.

वीज: पॅनलला साधारण 150 ते 200 वॅट लागतात, म्हणजे दिवसाचे पाच तास चालला तरी युनिटभरच. खरी अडचण अर्थिंगची आहे. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजा. तो 3 व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंग दुरुस्त करून घ्या, मगच पॅनल जोडा. नाहीतर 'कुणी हात न लावता रेघा उमटतात' अशी तक्रार येते आणि तुम्ही पॅनल बदलत बसता. हीच तक्रार चौकटीतल्या, स्पर्श ओळखणाऱ्या इन्फ्रारेड पट्टीवर थेट ऊन पडलं किंवा खडूची धूळ साचली तरी येते. म्हणून पॅनलशेजारच्या फळ्यावर खडू बंद करून मार्कर द्या, किंवा फळा समोरच्या भिंतीवर हलवा.

मे-जूनच्या वळिवात विजा पडतात. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब एकदम वाढला तर पॅनल वाचवणारं उपकरण) लावाच, शिवाय शाळा सुटताना प्लग काढायची सवय लावा. नेटची केबल बाहेरून येत असेल तर तीही काढायची, लोक ती विसरतात आणि वीज तिथूनच शिरते. पावसाळ्यात पॅनलवर रेक्झिनचं कव्हर घालू नका, आत ओल कोंडते. सुती कापड पुरे. आणि रोज अर्धा तास तरी चालू ठेवायला सांगा, आतल्या उबेने ओल सुकते. चतुर्थीच्या सुट्टीत आठ-दहा दिवस बंद राहिलेला पॅनल उघडल्यावर काचेआड वाफ दिसली तर घाबरू नका, पुसायलाही जाऊ नका. एखाद तास चालू राहिला की बहुधा जाते.

अबोली

तिसऱ्या प्रश्नातलं 'मजकूर तेवढा बदलला की झालं' हे वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

एकच उदाहरण देते. तुमच्या मराठी अक्षरपट्टीत 'फ'चं चित्र फणसाचं असणार. कोकणीत फणसाला पणस म्हणतात. म्हणजे ते चित्र 'प'खाली जायला हवं, 'फ'साठी दुसरा शब्द शोधायला हवा, आवाज नव्याने ध्वनिमुद्रित करायला हवा आणि 'प'पासून सुरू होणारी चित्रं ओळखा हा खेळ नव्याने बांधायला हवा. नुसतं भाषांतर केलं तर मूल फणसाचं चित्र बघून बरोबर 'प' म्हणेल आणि तुमचा पॅनल त्याला चूक ठरवेल. सहा वर्षांच्या मुलाला हे किती लागतं ते वर्गात दिसतं. कोकणी साहित्य कोकणीतूनच शिकवणाऱ्या शिक्षिकेकडून मुळापासून लिहून घ्या.

शिवाय औद्योगिक वसाहतींच्या आसपास वर्गात घरी कन्नड किंवा हिंदी बोलणारी मुलंही असतात. त्यांच्यासाठी सूचना चित्रातून आणि आवाजातून हवी, वाचून कळेल अशी नको.

दुसरं, लहान सरकारी शाळेत एक किंवा दोन शिक्षक चारही इयत्ता सांभाळतात. तिथे 40 मिनिटांचा, फक्त दुसरीचा पाठ उपयोगाचा नाही. 10 ते 12 मिनिटांचे तुकडे करा. एक इयत्ता पॅनलसमोर असताना बाकीच्यांच्या हातात त्याच विषयाची छापील कृतिपत्रिका हवी. ती पॅनलसोबत तुम्हीच द्या. मला विचाराल तर शिक्षिका पॅनल वापरेल की नाही हे त्या कागदावर ठरतं.

निपुण भारत हे केंद्राचं अभियान आल्यापासून तिसरीपर्यंत वाचन आणि अंकज्ञान पक्कं करायचं उद्दिष्ट आहे, आणि गोव्यात 2023-24 पासून पायाभूत स्तर (बालवाडी ते दुसरी) नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे सुरू झालाय. तेव्हा प्रत्येक पाठावर तो कुठल्या अध्ययन निष्पत्तीचा, म्हणजे त्यातून मुलाला काय यायला हवं, हे लिहा. शिक्षिकेला नियोजनाच्या वहीत तेच लिहावं लागतं, तिचं अर्धं काम वाचेल. कोडिंग आणि रोबोटिक्स मात्र सध्या बाजूला ठेवा. सहावी ते आठवीसाठी सरकारची स्वतःची योजना आहे.

कुळागर

खूप खूप आभार! अँकर बोल्टचं कोटेशन आजच मागे घेतो. अबोलीताई, 'पणस' डोक्यात पक्का बसला. दोन गोष्टी राहिल्या: वर्गणीचं काय करू? आणि प्रत्येक मुलाला नाव, जन्मतारीख घालून लॉगिन द्यायचं ठरलं होतं, ते ठेवू का?

खडूफळा

वर्गणी नको. शाळेला एकरकमी देणगी मिळते, दरवर्षीच्या खर्चाची हमी कुणी देत नाही. दुसऱ्या वर्षी पैसे न आल्याने साहित्य बंद पडलं की पॅनल नुसता टीव्ही होतो, आणि ही बातमी शेजारच्या गावात तुमच्याआधी पोचते. पॅनल, पाच वर्षांचं साहित्य आणि दुरुस्ती यांची एकच रक्कम सांगा. ती जीएसटी धरूनच सांगा. शिक्षणसेवा करमुक्त असल्याने शाळेला त्या कराची वजावट मिळत नाही, तिच्यासाठी तो सगळा खर्चच असतो. 'अधिक कर' असं लिहिलेलं कोटेशन बैठकीत वाचलं की पालकांना फसवल्यासारखं वाटतं.

साहित्य पॅनलमध्येच साठवून द्या. नेट नसलं तरी पाठ उघडला पाहिजे, दुरुस्त्या पेनड्राइव्हने नेता आल्या पाहिजेत. सत्तरीतल्या आतल्या गावांसाठी तर दुसरा मार्गच धरू नका.

लॉगिन काढून टाका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचे सगळे मूल धरले जातात, त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला बंदी आहे. पहिलीच्या मुलाला लॉगिनची गरजही नाही. इयत्ता आणि हजेरी क्रमांक पुरे, तोही पॅनलबाहेर जाऊ नये.

अबोली

प्रशिक्षण दिवसभराचं ठेवू नका. दीड-दीड तासाच्या दोन भेटी द्या, मधे पंधरा दिवस. पहिल्या भेटीत फक्त तीन गोष्टी: चालू-बंद, पाठ उघडणं, लिहिलेलं पुसणं. दुसऱ्या भेटीत शिक्षिका स्वतः वर्ग घेईल आणि तुम्ही मागच्या बाकावर बसाल. ती कुठे अडते ते वहीत टिपून घ्या, मधे बोलू नका.

चिरेबंदी

आणि त्या दुसऱ्या भेटीला पाना घेऊन जा. पंधरा दिवसांनी रॉडच्या नट एकदा आवळाव्या लागतात.