मदत हवी आहे: बग रिपोर्टना लेबलं कशी लावता?

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं-चौघं मिळून एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी (इतर प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) सांभाळतो. बग रिपोर्ट (कोडमधल्या चुकांच्या तक्रारी) साचत चाललेत आणि लेबलांचा पार गोंधळ उडालाय.

मुख्य प्रश्न, सिव्हिरिटी (बग किती गंभीर) आणि प्रायॉरिटी (तो किती लवकर सोडवायचा) वेगळी ठेवायची का? बगझिला या बग नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ती दोन स्वतंत्र फील्ड्स असतात. आमच्याकडे एकच 'हाय' लेबल आहे. रिकामी फाइल दिली की प्रोग्रॅम क्रॅश होतो, त्याला 'हाय' (पण रिकामी फाइल देतं कोण?). इन्स्टॉलच्या पानावरची कमांड चुकलीय, नवा माणूस पहिल्याच पायरीवर अडकतो, त्यालाही 'हाय'. आधी कशाला हात घालायचा ते कळतच नाही. डेबियन या लिनक्स प्रकल्पासारख्या 'क्रिटिकल' ते 'विशलिस्ट' अशा सात पायऱ्या मात्र आम्हाला झेपणार नाहीत.

दुसरं, जुन्या रिपोर्टचं काय करता? कुबरनेटीस या मोठ्या ओपन सोर्स प्रकल्पात ९० दिवस हालचाल नसली की बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) रिपोर्टला 'स्टेल' (शिळा) लेबल लावतो, आणखी ३० दिवसांनी 'रॉटन' (कुजका), मग बंद. मला हे फारसं पटत नाही. बग तिथेच असतो आणि रिपोर्ट देणारा चिडतो ते वेगळंच. पण आपण माहिती मागितली आणि समोरून काहीच उत्तर नाही, तर बंद करावंच लागतं. ती मुदत तुम्ही किती ठेवता?