'छ्यू'ला मराठीत काय म्हणावं?

घडवंची: चिनी दारूच्या इतिहासावर लिहितेय आणि 'छ्यू'पाशी गाडं अडलंय. गहू, जव, वाटाणा भरडायचा, ओलवून विटेसारखा दाबायचा आणि कोठीत कित्येक आठवडे बुरशी चढू द्यायची, तो ठोकळा म्हणजे छ्यू. बरेच जण सरळ 'यीस्ट' लिहितात. मला पटत नाही. 'विरजण' चालेल का?

रामफळ: यीस्ट नकोच. यीस्टला साखर लागते. भातात, ज्वारीत असतो स्टार्च. छ्यूतली बुरशी स्टार्चची साखर करते आणि त्याच रांजणात, त्याच वेळी, यीस्ट तिची दारू करतं. बिअरवाले धान्याला मोड आणून साखरेचं काम आधीच उरकतात. विरजण जवळचं आहे, पण ते कालच्या दह्यातून चमचाभर काढलेलं. छ्यू वाळवून ठेवतात आणि लागेल तेव्हा कुटून घालतात.

जुनीवही: 'किण्व' हाताशी असताना शोधाशोध कशाला? कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त सुराध्यक्ष, म्हणजे दारूवरचा अधिकारी, या प्रकरणात 'किण्वबंध' आहे: उडीद, तांदूळ, मोरटासारख्या वनस्पती. म्हणजे धान्याचंच बांधलेलं मुरवण की!

रामफळ: शब्द झकास, पण शाळेच्या पुस्तकाने किण्व म्हणजे यीस्ट असं पक्कं करून ठेवलंय. वाचणारा तेच समजेल.

जुनीवही: मग 'किण्वाची वीट' म्हणा. दक्षिणेकडच्या तांदळाच्या लहान 'श्याओछ्यू'ला 'किण्ववडी'.

घडवंची: वीट आवडली! आता दुसरी अडचण. चीनमधल्या शाओशिंग गावच्या पिवळ्या दारूबद्दल 'भातापासून गाळलेली' असं लिहून बसलेय.

रामफळ: खोडा ते. आपल्याकडे 'दारू गाळतात' म्हटलं की भट्टी डोळ्यासमोर येते. शाओशिंगची दारू आंबवून, दाबून पिळून घेतात. वाफेशी तिचा संबंध फक्त भात शिजवण्यापुरता. 'पिळलेली' लिहा. भट्टीची ती पायच्यू. तिथे आंबलेलं ज्वारीचं ओलसर धान्यच वाफवतात आणि वाफ थंड करून दारू धरतात.

जुनीवही: त्या भट्टीच्या दारूला १३३० च्या, युआन (चीनवर राज्य करणाऱ्या मंगोल घराण्याच्या) दरबाराच्या आहारग्रंथात 'अलाची' म्हटलंय. मूळ अरबी 'अरक', म्हणजे घाम. आपला गुलाबाचा अर्क त्याच घामाचा! (रुईचा 'अर्क' मात्र संस्कृत, त्याला यात ओढू नका.) १५९६ साली छापलेल्या आपल्या औषधिग्रंथात चिनी वैद्य ली शिचेनही लिहितो की ही रीत जुनी नाही, युआन काळात सुरू झाली. हान काळातलं (सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं) काशाचं पात्र दाखवून तारीख मागे नेणारेही आहेत, पण नाव तरी पश्चिमेकडूनच आलेलं दिसतं.

घडवंची: म्हणजे 'पिळलेली' आणि 'भट्टीची'. जपानी दारूत घालतात त्या बुरशीच्या कोजीलाही किण्वाची वीटच लिहू ना? लिहायचं चिन्ह छ्यूचंच आहे.

रामफळ: अहो, कोजी सुटी असते, शितांवर पांढरी लव आलेली. वीट कुठली!