पल्सर २२० देऊन क्लासिक ३५० घ्यावी का? अदलाबदलीबाबत सल्ला हवा

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालची बजाज पल्सर २२० आहे. गाडी पहिल्यापासून माझ्याच नावावर असून तिच्यावर कोणताही बोजा नाही. शिरपूर येथील एका परिचितांकडे २०१५ सालची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० आहे. त्यांनी गाडीवर गाडी आणि वर माझ्याकडून पंधरा हजार रुपये, असा प्रस्ताव माझ्यापुढे ठेवला आहे. त्यांचे इंदूरला वरचेवर जाणे असते, त्यामुळे त्यांना महामार्गावर मोकळी पळणारी, वजनाने हलकी गाडी हवी आहे.

माझे नेमके उलट झाले आहे. पूर्वी माझे काम धुळे आणि जळगाव या दोन शहरांत असायचे. आता बियाणे-खतांच्या व्यवसायामुळे मारवड, पातोंडा, बेटावद या बाजूंच्या गावांत दिवसभर थांबत-थांबत फिरावे लागते. पल्सरचे हँडल खाली आणि पुढे असल्यामुळे संध्याकाळपर्यंत मनगटे भरून येतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळताना गाडी सारखी गिअर मागत राहते. सौभाग्यवतींची मागच्या सीटबद्दलची तक्रार वेगळीच आहे, आणि ती रास्तही आहे.

माझी मुख्य शंका अशी की दोन्ही गाड्यांची अश्वशक्ती कागदावर जवळपास सारखीच दिसते. मग १२६ सीसी जास्तीचे इंजिन घेऊन माझ्या पदरात नेमके काय पडणार आहे? थोरल्या काकांच्या मते बुलेट म्हणजे दारात बांधलेला पांढरा हत्ती. शिवाय एक गाडी एमएच-१९ (जळगाव) ची आणि दुसरी एमएच-१८ (धुळे) ची आहे, तेव्हा कागदपत्रांच्या बाबतीत कोणती काळजी घ्यावी, हेही जाणकारांनी सांगावे.

पांझरा (धुळे)

भाऊ, आपली शंका मुद्द्याची आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. पल्सर २२० सुमारे २१ अश्वशक्ती देते खरी, पण मिनिटाला ८५०० फेरे झाल्यावर. तिचा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १९ न्यूटन-मीटरच्या आसपास आहे आणि त्यासाठीही इंजिन ७००० फेऱ्यांपर्यंत न्यावे लागते. आपण म्हणता त्या काळातली क्लासिक सुमारे २० अश्वशक्तीची आहे, मात्र ती ताकद ५२५० फेऱ्यांवरच मिळते, आणि २८ न्यूटन-मीटरचा टॉर्क तर ४००० वरच हाती येतो. गावाच्या वेशीतून बाहेर पडताना, कापसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलेले असताना किंवा गाडरस्त्यावरून डांबरी रस्त्यावर चढताना इंजिन ज्या फेऱ्यांवर चालत असते, नेमके तिथेच क्लासिककडे देण्यासारखे पुष्कळ असते आणि पल्सर मात्र अजून जागी व्हायची असते. आपल्याला गिअर सारखा बदलावा लागतो तो यामुळेच. त्यात आपल्या गाडीचा दोष नाही.

कारण इंजिनाच्या घडणीत आहे. पल्सरच्या सिलिंडरचा व्यास ६७ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ६२.४ मिलिमीटर आहे, म्हणजे रुंद आणि आखूड. असे इंजिन भरभर फिरायला तयार असते. क्लासिकचा व्यास ७० आणि धाव ९० मिलिमीटर. पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात लांबचा पल्ला खाली-वर करावा लागतो, सोबत जड फ्लायव्हील (फिरण्याची गती टिकवून धरणारे चाक) असते, त्यामुळे हे इंजिन सावकाश फिरते पण सहजासहजी दम सोडत नाही. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगावरून ॲक्सिलरेटर हळूच पिळला तरी ते कुरकुर न करता गाडी ओढते.

आता दुसरी बाजू. क्लासिकचे वजन १९० किलोच्या घरात आहे, म्हणजे आपल्या पल्सरपेक्षा चाळीसएक किलो जास्त, आणि हे ओझे गाडी चालताना जाणवत नसले तरी शेताच्या बांधावर उलटी ढकलताना पुरेपूर जाणवते. त्या इंजिनात थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट नाही. तो कंपनीने पुढे २०२१ च्या नव्या क्लासिकमध्ये दिला. त्यामुळे ऐंशीच्या पुढे आरसे, पायदान आणि हँडल यांची थरथर सुरू होते. लळिंगचा घाट क्लासिक आरामात चढेल, पण घाट उतरून नाशिकच्या दिशेने मोकळा रस्ता लागला की आपल्याला पल्सरची आठवण होईल. परिचितांना आपली गाडी का हवी आहे, हेही त्यातून कळते.

आपल्या भागासाठी मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती चाकांची गोष्ट, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. पल्सरला ॲलॉय व्हील आणि ट्यूबलेस टायर आहेत. बाभळीचा काटा घुसला तरी हवा सावकाश उतरते आणि एक पट्टी भरून काम भागते. क्लासिकला तारांची चाके आणि ट्यूबचे टायर आहेत. काटा लागला की टायर तिथल्या तिथे बसतो आणि पट्टीने काम होत नाही, ट्यूब बाहेर काढावीच लागते. मारवड-बेटावद रस्त्यावर ऐन मे महिन्यात दुपारी दोन वाजता हे करण्याची तयारी असेल तरच पुढे जावे. त्या सालच्या क्लासिकला मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतो आणि एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसते, तेव्हा पल्सरच्या दोन्ही डिस्कची सवय झालेल्या माणसाने सुरुवातीला पुढच्या गाडीपासून अंतर राखून चालवावे.

काकांच्या पांढऱ्या हत्तीबद्दल एवढेच सांगतो की ते बहुधा जुन्या, बिडाच्या इंजिनाच्या बुलेटविषयी बोलत असावेत, जिचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असायचा. आपल्या सौद्यातील गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात आहेत, गिअर नेहमीप्रमाणे डावीकडे आहे आणि सेल्फ स्टार्टही आहे. पेट्रोलच्या बाबतीत दोन्ही गाड्यांत फार फरक पडत नाही.

भुसावळकर

मी थोडे वेगळे मत मांडतो. आपल्याला त्रास बसण्याच्या पद्धतीचा आहे की इंजिनाचा, हे आधी ठरवावे. मनगटे दुखत असतील तर पल्सरला उंच हँडल बसवून घेणे हा थोडक्या खर्चाचा उपाय आहे. तोही पुरेसा नसेल तर वापरलेली बजाज ॲव्हेंजर २२० पाहावी. तिच्यात याच घराण्यातील २२० सीसी इंजिन थोडी ताकद कमी करून बसवलेले आहे, मात्र सीट खोलगट आणि हँडल उंच असल्यामुळे गाडीचा स्वभाव पार बदलतो, आणि मिस्त्रीही आपलाच जुना राहतो.

दुसरे म्हणजे अदलाबदलीत प्रत्येक जण समोरच्याची गाडी पडत्या भावाने आणि स्वतःची चढत्या भावाने धरतो. जुन्या बाजारात क्लासिकला पल्सरपेक्षा साधारणपणे चांगला भाव मिळतो, त्यामुळे वरचे पैसे मागण्यात गैर काही नाही. पण आपली गाडी जळगावला आणि त्यांची धुळ्याला, अशा दोन्ही गाड्यांचा रोखीचा भाव वेगवेगळ्या ठिकाणी विचारून घ्यावा आणि त्या दोन भावांतील फरक पंधरा हजारांच्या आसपास येतो का, हे पाहूनच शब्द द्यावा.

बोरीकाठ (अमळनेर)

दोघांचेही आभार. भुसावळकर, आपला प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला. हँडल बदलल्याने मनगटे सुटतील, पण दिवसभर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालणारी ओढाताण तशीच राहील, आणि पांझरा यांनी दिलेले आकडे वाचल्यावर तोच खरा त्रास असल्याचे लक्षात आले. ॲव्हेंजरचेही इंजिन शेवटी वरच्या फेऱ्यांचेच असल्याने ती मी यादीतून काढली आहे. काट्यांचा मुद्दा मात्र मनात घर करून बसला आहे. परिचितांशी बोललो असता, आठवडाभर एकमेकांच्या गाड्या वापरून पाहू आणि मगच ठरवू, असे त्यांनी आपणहून सुचवले. त्या आठवड्यात क्लासिकमध्ये काय तपासून घ्यावे?

सातपुड्याचा पायथा (यावल)

दादा, गाडी ताब्यात घ्यायला सकाळी लवकर जा आणि इंजिन आधी तापवून ठेवू नका, असे त्यांना कळवून ठेवा. इंजिनाला हात लावून ते थंडगार असल्याची खात्री करा आणि मग सेल्फ मारा. सेल्फ मारताना मोटर फिरते पण इंजिन न फिरता आतून करकर असा रिकामा आवाज येतो, असे घडले तर स्टार्टरचा वन-वे क्लच (सेल्फची मोटर इंजिनाला जोडणारा भाग) तपासावा लागेल, आणि त्याचा खर्च किरकोळ नसतो. या इंजिनात टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) हायड्रॉलिक असतात, म्हणजे ते आपोआप जुळतात. त्यामुळे वरच्या बाजूने सतत टकटक येत असेल आणि कोणी “टॅपेट सेट करून देतो” असे म्हणाले तर त्यावर विसंबू नका, आधी ऑइलची पातळी आणि प्रत पाहा. तापलेले इंजिन ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा पिळल्यावर निळसर धूर देत असेल तर ते ऑइल जाळते आहे.

कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) तपासण्यासाठी गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी ठेवा आणि हँडल अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मधोमध आल्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडकले तर कोनसेट गेला आहे. मागच्या चाकाच्या तारा बोटांनी एकेक वाजवून पाहा. सैल तारेचा आवाज बद्द येतो. शॉकअपच्या नळ्यांवर ऑइलचा ओला वळसा आहे का, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

उन्हाळ्याबद्दल कोणी बोलले नाही. आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. आपल्या पल्सरला ऑइल कूलर आहे, तर क्लासिक केवळ वाऱ्यावर थंड होते, म्हणून रेल्वे फाटकात थांबलात तर इंजिन बंद करावे आणि ऑइल बदलण्याची तारीख चुकवू नये. बाजारू, कर्कश सायलेन्सर बसवलेला असेल तर मूळ सायलेन्सर सौद्यातच मागून घ्या. कर्कश सायलेन्सर पोलिस काढून घेतात आणि दंडही होतो.

शहादेकर

कागदपत्रांचा प्रश्न राहून गेला आहे, तो मी घेतो. व्यवहार बोलण्यात एकच असला तरी परिवहन कार्यालयाच्या लेखी ती दोन स्वतंत्र हस्तांतरणे आहेत, त्यामुळे प्रत्येक गाडीसाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वेगळे भरावे लागतात. एकाच राज्यात गाडी देणाऱ्याने हस्तांतरणाची सूचना १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यायची असते. गाड्या दोन वेगळ्या कार्यालयांकडे नोंदलेल्या असल्यामुळे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल का, हे दोन्हीकडे आधीच विचारून ठेवावे. राज्य एकच असल्याने नंबर तेच राहतात. क्लासिक कर्जावर घेतलेली असेल तर केवळ हप्ते फिटले एवढे पुरत नाही. बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरील बोजा उतरलेला असला पाहिजे. दोन्ही गाड्यांवर थकीत ई-चलन आहे का, तेही पाहावे. गाड्या एप्रिल २०१९ पूर्वीच्या आहेत, तेव्हा उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे ना, याचीही खात्री करावी.

विम्याकडे हमखास दुर्लक्ष होते. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी. नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) माणसाचा असतो, गाडीचा नसतो, म्हणून आपण पल्सरवर कमावलेला बोनस परिचितांकडे जात नाही. कंपनीकडून तसे पत्र घेतले तर तो आपल्याला क्लासिकच्या विम्यात वापरता येतो. आठवडाभर गाड्या बदलून वापरण्याची कल्पना मला आवडली, मात्र त्या काळात दोघांचे परवाने आणि दोन्ही गाड्यांचे विमे चालू असले पाहिजेत. पॉलिसी फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरतीच, असेल तर गाडी पडल्याचा खर्च कोणी सोसायचा, हे आधीच बोलून घ्यावे.

कोऱ्या फॉर्मवर सह्या करून “नाव नंतर करून घेऊ” असे म्हणण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ओळखीच्या माणसाशीही तसे करू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे की गाडी पुढे कितीही हातांत गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते. आपली पल्सर उद्या इंदूरच्या रस्त्यावर वेगाने धावणार आहे आणि आरसीवर नाव आपले असणार आहे, हे ध्यानात ठेवावे. म्हणून गाड्यांचा ताबा देताना तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्यांची पावती करावी, वरच्या पंधरा हजारांपैकी थोडी रक्कम त्या दिवशी द्यावी, आणि उरलेली दोन्ही आरसी नव्या नावांनी हाती आल्यावरच द्यावी.